राधेशेठचा गेरबॉक्स

खुर्शीद मिस्त्रीच्या गॅरेजवर पाटी कधी लागलीच नाही. जालन्यात मस्तगडच्या मागच्या गल्लीत शिरलं की डाव्या हाताला पत्र्याचं शेड, शेडमध्ये माणूस छातीपर्यंत मावेल एवढा खड्डा, आणि भिंतीला टेकवून ठेवलेली जुन्या गेरबॉक्सची रिकामी कवचं, एवढीच त्या जागेची ओळख. कुणी पत्ता विचारला तर लोक म्हणायचे, गेरबॉक्सवाला खुर्शीद ना, पिठाच्या गिरणीपासून आत जा.

इंजिन, ब्रेक, वायरिंग असली कामं तो सरळ दुसऱ्यांकडे पाठवून द्यायचा. त्याचा हात एकाच गोष्टीवर बसला होता. सोळाव्या वर्षी तो एका उस्तादाच्या हाताखाली ट्रकांचे गेरबॉक्स धुवायला लागला. आता साठीला दोन वर्षं कमी होती आणि तो अजून तेच करत होता. कापसाचे ट्रक, बियाण्यांचे टेम्पो, जाफराबाद-भोकरदनकडच्या काळ्यापिवळ्या जीपा, सगळ्यांची पोटं त्यानं उघडून पाहिली होती. गाडी गल्लीत वळली की खड्ड्यात उभ्या उभ्याच तो सांगायचा, तिसऱ्याचं बेअरिंग गेलंय. चुकायचा नाही. त्याच्या या न चुकण्याचा त्याला थोडा ताठाही होता, आणि तो त्यानं कधी लपवला नाही.

अलीकडे मात्र गल्लीत गाड्या वळायच्या कमी झाल्या होत्या. नव्या गाड्यांचा गेरबॉक्स कुणी खोलत नाही. बिघडला की अख्खा काढतात आणि दुसरा बसवतात, तेही शोरूममध्ये. खुर्शीदचा मुलगा तन्वीर संभाजीनगरला अशाच एका शोरूमच्या वर्कशॉपमध्ये होता. इस्त्रीचा गणवेश, छातीवर नाव. एकदा ईदला आला तेव्हा बापानं विचारलं, वर्षभरात किती खोलले? तन्वीर म्हणाला, एकही नाही, अब्बा, आम्ही खोलतच नाही.

दिवाळी होऊन पंधरवडा झाला असेल. दुपारची वेळ. गॅरेजच्या तोंडाशी रिक्षा थांबली आणि तिच्यातून वंदनाभाभी उतरल्या. राधेश्याम शेठच्या या पत्नी. वीस-पंचवीस वर्षांच्या ओळखीत त्या गॅरेजवर पहिल्यांदाच आल्या होत्या. खुर्शीदनं हात पुसले, एकुलती एक खुर्ची फडक्यानं झाडून पुढं केली. त्या बसल्या नाहीत.

त्यांनी जे सांगितलं ते थोडक्यात असं होतं. राधेशेठला हैदराबादहून आणून महिना झाला होता. मानेचं ऑपरेशन झालं होतं. मानेच्या मणक्यात नस दबली होती, आणि ती काही आज दबलेली नव्हती, चार-पाच वर्षं हळूहळू दबत आली होती. डॉक्टर म्हणाले, आधी आला असता तर माणूस पूर्ववत झाला असता. आता पुढचं बिघडणं कदाचित लांबेल, गेलेलं परत येणार नाही. डावा पाय जवळपास गेला होता. काठीशिवाय चार पावलं होत नव्हती. हाताच्या बोटांनाही आता शर्टाचं बटण सापडत नव्हतं.

"आणि हे म्हणतात गाडी दुरुस्त करायची," भाभी म्हणाल्या. "रोज तेच. खुर्शीदला बोलव, गेरबॉक्स बदल. मी काय सांगू त्यांना? तुम्ही गाडी घेऊन जा, खुर्शीदभाई. फक्त घाई करू नका."

शेवटचं वाक्य त्या खाली बघून बोलल्या. खुर्शीदला त्याचा अर्थ कळला. काम चालू आहे तोवर माणूस आशेवर आहे. काम संपलं की त्याला गाडीत बसावं लागेल.

ती गाडी सगळ्या जालन्याला माहीत होती. राधेशेठचं बियाण्यांचं दुकान होतं. बापाचं, आजाचं चालत आलेलं. तिशी ओलांडल्यावर, दुकानात पोत्यांच्या थप्पीला टेकून बसणाऱ्या या माणसाच्या डोक्यात काय आलं कुणास ठाऊक, मुंबईला जाऊन त्यानं एक जुनी जपानी गाडी आणली. दोन माणसांची, लाल, जमिनीला चिकटून चालणारी, वरचं छत कापडाचं, मागं दुमडणारं. गाव हसलं. बापानं आठ दिवस अबोला धरला. गाडी इतकी बसकी की रस्त्यावरची म्हैस वाकून आत बघायची. प्रत्येक गतिरोधकावर तिचं पोट घासायचं, म्हणून राधेशेठ गतिरोधक तिरका ओलांडायचे, आणि पोरं मागून टाळ्या वाजवायची. पण रविवारी सकाळी ते एकटेच राजूर रस्त्याला लागायचे. छत उघडं, अंगात साधा सुती सदरा. त्या दोन तासांत ते कुणाचे मालक नव्हते आणि कुणाचा मुलगा नव्हते. हे त्यांनीच एकदा खुर्शीदला सांगितलं होतं, खड्ड्याच्या काठावर बसून चहा पिताना.

त्या गाडीचा गेरबॉक्स खुर्शीदशिवाय दुसऱ्या कुणाच्या हाती त्यांनी कधी दिला नाही.

गाडी खुर्शीदनं स्वतः चालवत आणली. वाटेत दुसरा गेर पडेना. तिसराही करकरत पडला. क्लच पूर्ण दाबूनही. गल्लीत वळतानाच त्याला कळलं की आतलं बरंचसं संपलेलं आहे.

पुढच्या दोन दिवसांत त्यानं आतून गेरची दांडी सोडवली, खालून चाकांकडे जाणारा लांब दांडा काढला, इंजिनाला धरून ठेवणारे बोल्ट एकेक सैल केले आणि गेरबॉक्स जॅकवर तोलत खाली घेतला. पूर्वी हे तो एकट्यानं सहज करायचा. आता खांदा भरून आला. बाकड्यावर ठेवून त्यानं ऑइल ताटलीत सोडलं. काळ्या ऑइलमध्ये पितळेची चमकी तरंगत होती, बारीक, हळदीच्या भुकटीसारखी.

गेरबॉक्समध्ये प्रत्येक गेरला एक पितळी रिंग असते. दोन चाकं वेगवेगळ्या गतीनं फिरत असतात, ती एकमेकांत अडकण्याआधी ही रिंग त्यांना एका गतीवर आणते. क्लच पूर्ण दाबला असेल तर तिचं काम सोपं. अर्धाच दाबला तर इंजिनाचा सगळा जोर तिच्यावर येतो आणि ती झिजते. खुर्शीदनं एकेक रिंग काढून वर्तमानपत्रावर मांडली. दुसऱ्या गेरची गेली असणार हे त्याला ठाऊक होतं, या गाड्यांची ती जातेच. पण तिसऱ्याची तशीच होती. चौथ्याचीही. पाचव्याची, जी गाडी म्हातारी होईस्तोवर नवी दिसते, तीसुद्धा बोट फिरवलं तर गुळगुळीत लागत होती.

लाख किलोमीटरसुद्धा न चाललेल्या गाडीत हे असं व्हायला नको होतं. एखादा गेर झिजतो तो वापरानं. सगळे सारखे झिजतात तेव्हा दुखणं वरून येत असतं. त्यानं क्लच तपासला. प्लेट जाड होती, चांगली होती. म्हणजे क्लच सुटत नव्हता तो क्लचच्या दोषानं नाही. तो दाबलाच जात नव्हता. वर्षानुवर्षं कुणाचा तरी पाय अर्ध्यावर थांबत होता.

खुर्शीद तिथंच पालथ्या डब्यावर बसला.

पाच वर्षांपूर्वी राधेशेठ गॅरेजवर आले होते. लॉकडाउनच्या आदल्या थंडीत. म्हणाले, दुसरा गेर करकरतो. खुर्शीदनं गाडी स्टेशनापर्यंत फिरवून आणली. त्याच्या पायाखाली गेर मुकाट पडत होता. मग त्यानं राधेशेठला चालवायला लावली, आपण बाजूला बसला, आणि त्यांच्या पायाकडं पाहिलं. डावा पाय पॅडल खाली नेता नेता मध्येच थांबत होता. त्यानं ते स्पष्ट पाहिलं होतं. त्याची नजर चुकली नव्हती.

"गाडीत काही खोट न्हाई, शेठ," तो म्हणाला होता. "तुमचाच पाय आर्ध्यात थांबून राह्यला. गादीवर बसून बसून आळस आला त्याला."

"मंग काय करू, पाय बदलू का?" राधेशेठ म्हणाले होते, आणि दोघंही हसले होते.

त्यानंतर ते दोनदा आले. दुसऱ्या वेळी खुर्शीदनं पॅडलमागच्या दांडीचे आटे फिरवून क्लच असा केला की थोडा दाबला तरी सुटावा. तिसऱ्या वेळी आटे संपेपर्यंत फिरवले. गेर पडायला लागला. राधेशेठ खूश होऊन गेले. आणि खुर्शीदही खूश होता, कारण गिऱ्हाईक समाधानानं गेलं होतं.

त्या संध्याकाळी तो नेहमीपेक्षा लवकर घरी गेला. शकीलानं ताट वाढलं, त्यानं दोन घास खाऊन सरकवलं. चाळीस वर्षांच्या संसारात शकीलानं त्याला कामावरून आल्यावर काही विचारायचं नाही, हे शिकून घेतलं होतं. पण त्या दिवशी तिनं विचारलं. त्यानं सगळं सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, तुम्ही काय डॉक्टर होतात? तुम्हाला गाडीचा पाय कळतो, माणसाचा कसा कळेल? खुर्शीद म्हणाला, तेच तर. पाय माणसाचा आहे हे मला दिसलं होतं. मी तो गाडीचा करून टाकला.

शकीलानं ताट झाकून ठेवलं.

गेरबॉक्स दुरुस्त होण्यातला राहिला नव्हता. रिंगा मिळाल्या असत्या, पण त्यांच्या शेजारचे दातही बोथट झाले होते. अख्खा बदलावा लागणार होता. ज्या माणसानं आयुष्यभर बदलणाऱ्यांना नावं ठेवली, त्याच्यावरच ती पाळी आली. तन्वीरनं फोनवर चार-दोन ठिकाणी शोध घेतला. पुण्याला एका भंगारवाल्याकडं तशाच गाडीचा सापळा निघाला. ती मागून ठोकली होती, पुढचं सगळं शाबूत होतं. दहा दिवसांनी गोणपाटात शिवलेला गेरबॉक्स ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात आला.

खुर्शीदनं तो नुसता बसवला नाही. आधी पूर्ण खोलला. प्रत्येक रिंग उजेडात धरून पाहिली, बेअरिंगं नवी टाकली, सील बदलले, आणि परत बांधला. एवढ्याची गरज नव्हती. भाभींनी घाई करू नका म्हटलं होतं, हे एक झालं. दुसरं असं की त्या बाकड्यापासून उठून राधेशेठकडे जायची त्याची हिंमत होत नव्हती.

पण राधेशेठच रोज यायला लागले. सकाळी दहाच्या सुमाराला रिक्षा थांबायची. रिक्षावाला एका बाजूनं आणि खुर्शीद दुसऱ्या बाजूनं धरून त्यांना खुर्चीत बसवायचे. पूर्वी पोतं एका हातानं सरकवणारा माणूस आता खांद्यांत आक्रसला होता. ते काठी गुडघ्यांमध्ये धरून तास-दोन तास काम बघत बसत. हे काय, ते काय, विचारत. त्यांचा आवाज मात्र तसाच होता, आणि खुर्शीदला तोच ऐकवत नव्हता. खड्ड्यात उतरून त्यांच्याकडे पाठ करून काम करणं त्याला बरं वाटायचं.

सहाव्या की सातव्या दिवशी तो खड्ड्यातून वर आला. हात धुतले. जुन्या गेरबॉक्सच्या रिंगा वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेल्या होत्या, त्या काढून राधेशेठच्या पुढं स्टुलावर मांडल्या.

"शेठ, एक बात सांगायची व्हती."

"सांग की."

त्यानं एकेक रिंग दाखवून सांगितलं. कोणती कशी झिजली, का झिजली. मग म्हणाला, "तवाच तुमचा पाय जाऊन राह्यल्ता. मला दिसलं. मी हसण्यावारी नेलं. डॉक्टरकडं जा म्हणलो न्हाई. उलट पॅडल हलकं करून दिलं, म्हंजी तुम्हाला कळूच नये."

राधेशेठनी एक रिंग उचलली. बोटांत ती धरली गेली नाही, निसटली, फरशीवरून घरंगळत खड्ड्यात पडली. खालून एक बारीक आवाज आला. दोघांनीही तिकडं पाहिलं. खुर्शीद खाली उतरला नाही.

"माझी चप्पल जिन्यावर पायातून सुटायची," राधेशेठ म्हणाले. "तुझ्याकडं आलो त्याच्या आधीपासून. घरात कुणाला बोललो न्हाई."

खुर्शीदनं मान वर केली.

"भीती वाटायची. म्हणून तर तुझ्याकडं आल्तो. वाटलं, खुर्शीद म्हणंल गाडी बिघडली. तू पाय म्हणालास, त्या रात्री मला झोप आली न्हाई. ठरवलं होतं संभाजीनगरला जाऊन दाखवायचं. मंग म्हणलं, अजून एकदा गाडी दाखवू. तू आटे फिरवले, गेर पडायला लागला." ते थांबले. "मी म्हणलो, चला, पॅडलच होतं."

खुर्शीद काहीतरी ऐकण्याची वाट पाहत उभा होता. तुझा काय दोष, असं काही. माणसं म्हणतात तसं. राधेशेठ तसलं काही म्हणाले नाहीत. म्हणण्यासारखं नव्हतंच, हे खुर्शीदलाही कळत होतं. मनावरचं ओझं उतरवायला म्हणून तो बोलायला गेला होता, आणि आता ते दुप्पट होऊन त्याच्याच पदरात पडलं होतं.

थोड्या वेळानं राधेशेठनी विचारलं, "गाडी कधी होईल?"

"परवा," खुर्शीद म्हणाला. आता लांबवण्यात काही राहिलं नव्हतं.

गेरबॉक्स चढवायला दोन माणसं लागतात. गल्लीतला एक वेल्डर मदतीला आला. जॅकवर तोलून, पुढचा दांडा क्लचच्या भोकात बरोबर शिरेपर्यंत एक केसभर इकडं, एक केसभर तिकडं करत, दुपारपर्यंत ते काम चाललं. दांडा आत गेला तेव्हा नेहमीसारखा मऊ ठक्क आवाज झाला. एरवी त्या आवाजाला खुर्शीदच्या तोंडून 'वा' निघायचा. त्यानं गुपचूप बोल्ट आवळले. नवं ऑइल भरलं. मग आत बसून पॅडलमागच्या दांडीचे आटे मूळच्या जागी आणून ठेवले, कारखान्यातून गाडी निघाली तेव्हा होते तिथं. क्लच आता जिथं सुटायला हवा तिथंच सुटणार होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो गाडी घेऊन राधेशेठच्या घरी गेला. थंडी पडली होती. वंदनाभाभी दारातच उभ्या होत्या, त्यांनी गाडीकडं पाहिलं नाही. राधेशेठ तयार होऊन बसले होते. सुती सदरा, वर स्वेटर. त्यांना त्या बसक्या गाडीत बसवणं सोपं नव्हतं. आधी पाठ आत, मग उजवा पाय, मग खुर्शीदनं डावा पाय घोट्याला धरून उचलून आत ठेवला. तो पाय त्याच्या हातात थंड आणि जड लागला.

राधेशेठनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. मग क्लच दाबायचा प्रयत्न केला. पाय पॅडलवरून घसरला. पुन्हा ठेवला. पुन्हा घसरला. मग त्यांनी हातानं आपला गुडघा वरून दाबला, जणू पाय दुसऱ्याचा आहे. पॅडल अर्ध्यापर्यंत गेलं आणि तिथंच थरथरत राहिलं. खुर्शीद दार धरून उभा होता. त्याला वाटलं, मान फिरवावी. त्यानं फिरवली नाही. पाच वर्षांपूर्वी जे पाहून हसला होता, ते आता शेवटपर्यंत पाहावं, एवढंच त्याच्या हातात उरलं होतं.

"तू बस इकडं," राधेशेठ म्हणाले.

परत तो सगळा खटाटोप झाला. राधेशेठ डाव्या बाजूला, खुर्शीद स्टिअरिंगवर. गाडी गावाबाहेर पडून राजूर रस्त्याला लागली. राधेशेठनी छत उघडायला सांगितलं. गार वारा तोंडावर आला. रस्त्याच्या कडेला बाभळींना गाड्यांवरून उडालेला कापूस अडकून राहिला होता. थोडं पुढं गेल्यावर ते म्हणाले, "क्लच तू दाब. गेर मी टाकतो."

खुर्शीदनं दांडीवरचा हात काढला. राधेशेठनी उजवा तळवा दांडीवर ठेवला. खुर्शीदनं क्लच दाबला, त्यांनी मागं ओढलं. दुसरा गेर आवाज न करता पडला. पाण्यात बोट बुडावं तसा. राधेशेठनी मान किंचित हलवली. मग तिसरा. तोही पडला. वेग वाढला. त्यांचा सदरा स्वेटरखालून फडफडायला लागला. त्या अर्ध्या मैलात खुर्शीदला वाटलं की सगळं बरं होतंय, निदान आजच्यापुरतं.

चौथ्याला त्यांनी दांडी मागं घेतली आणि मध्येच बोटं सैल पडली. खुर्शीदनं क्लच सोडून दिला होता. खालून दातांवर दात घासल्याचा लांब, खरखरीत आवाज आला. नव्या गेरबॉक्सचा पहिला आवाज. राधेशेठनी हात झटकन काढून मांडीवर घेतला आणि त्यावर दुसरा हात ठेवला.

"तूच टाक," ते म्हणाले. "नवा आहे. खराब होईल."

खुर्शीदनं गेर टाकला. पुढं एका कापसाच्या जिनिंगपाशी जागा बघून त्यानं गाडी वळवली. वाऱ्यानं राधेशेठच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. पुसायला हात वर गेला असता की नाही, हे खुर्शीदला माहीत नव्हतं.

गाडीत बसायला त्यांनी परत कधी मागितलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात तृप्ती, त्यांची मुलगी, पुण्याहून आली आणि तिथल्याच कुणाला तरी गाडी विकून गेली. नेणाऱ्यानं खुर्शीदला फोन करून विचारलं, गेरबॉक्स कुणी बसवला, फार सुरेख काम आहे. खुर्शीदनं आपलं नाव सांगितलं आणि फोन ठेवला.

त्यानंतर खुर्शीदला एक खोड लागली. गिऱ्हाईक गाडी घेऊन आलं की तो आधी गिऱ्हाइकाला चालवायला लावायचा आणि त्याच्या पायाकडं बघत बसायचा. जाफराबादच्या जीपवाल्या कारभारीला त्यानं एकदा क्लचवरून टोकलं आणि डॉक्टरकडं पाठवलं. कारभारीनं दिवस मोडून मणक्याचे फोटो काढून घेतले. काही निघालं नाही. बूट नवा होता, तो पॅडलला अडकत होता. कारभारी चार माणसांत म्हणाला, मिस्त्रीचं डोकं फिरलंय. खुर्शीदनं ऐकून घेतलं. दुसरं कुणी आलं असतं तरी त्यानं तेच केलं असतं.

शुक्रवारी नमाज झाल्यावर तो राधेशेठकडे जाऊन बसायचा. दोघं खिडकीतून रस्ता बघायचे. पाऊस किती झाला, सोयाबीनला काय भाव, असली बोलणी. गाडीचं नाव कुणी काढत नसे. चार-पाच महिने असे गेले असतील. मग एकदा वंदनाभाभी त्याला पोचवायला दारापर्यंत आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "राग मानू नका. तुम्ही येऊन गेलात की हे दोन दिवस नीट जेवत नाहीत. काही दिवस नका येऊ."

त्यानं मान डोलावली. त्यांचं चुकीचं नव्हतं. त्याच्या अंगाला ऑइलचा वास होता आणि तो साबणानं जाणारा नव्हता. तो जायचा थांबला. त्या गल्लीतून जाणंही त्यानं सोडलं, मोठ्या रस्त्यानं वळसा घालून जायचा.

गॅरेजवर काम उरलं नव्हतं, म्हणून तो आता खेड्यांत जाऊन ट्रॅक्टरचे गेरबॉक्स करायला लागला होता. गेल्या रब्बीच्या पेरणीत तो पिंपळगाव रेणुकाईला एका शेतात ट्रॅक्टरखाली पडलेला होता. फोन बांधावर पिशवीत होता. दुपारी जेवायला बाहेर आला तेव्हा त्यावर शकीलाचे सात फोन येऊन गेलेले दिसले. त्यानं परत लावला तेव्हा तिनं सांगितलं, राधेशेठ पहाटे गेले. नेणार होते बारा वाजता. फोन ठेवला तेव्हा दीड वाजला होता.

त्यानं विहिरीवर जाऊन डिझेलनं, मग साबणानं हात धुतले. ट्रॅक्टरवाला म्हणाला, आता जाऊन काय करता, काम अर्धं पडलंय. खुर्शीदनं पाने पिशवीत भरले. फाट्यावर जीप भरायला वेळ लागला. भोकरदनला दुसरी बदलावी लागली. जालन्यात पोचला तेव्हा चार वाजून गेले होते आणि लोक घरी परतले होते. दारापुढं पाणी शिंपडलं होतं. चपला काढलेल्या होत्या, बऱ्याच.

तृप्तीनं त्याला ओळखलं आणि आत बोलावलं. तो आत गेला नाही. थोड्या वेळानं वंदनाभाभीच बाहेर ओट्यावर आल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, फक्त थकवा होता. म्हणाल्या, चार दिवसांपासून घास गिळता येत नव्हता, मग श्वास लागला. खुर्शीदला म्हणायचं होतं की निदान खांदा तरी द्यायचा होता. तो पायरीवर बसून राहिला. भाभीही उंबऱ्याला टेकून बसल्या.

"तुम्हाला येऊ नका म्हटलं," त्या म्हणाल्या. "त्यांना ते सांगितलं नव्हतं. ते शुक्रवारी दुपारी खिडकीशी बसायला मागायचे."

रस्त्यावरून शाळा सुटलेली पोरं जात होती, एक टेम्पो गेर बदलत चढावर गेला. अंधार पडायच्या आत तो उठला, भाभींना हात जोडले आणि पायी घराकडे निघाला. घरी शकीलानं पाणी तापवून ठेवलं होतं. त्यानं अंघोळ केली, कपडे बदलले. ट्रॅक्टरवाल्याचा फोन दोनदा वाजला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा त्यानं उचलला आणि उद्या सकाळी येतो म्हणून सांगितलं.